वाळ्याच्या वासाचा भात

रेहानाआपाची मंगनी कोकणातल्या मुलाशी झाली, तोवर आमच्या अम्मीनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण. तेही एसटीच्या खिडकीतून, अर्धा वेळ तोंडाला पदर लावून, कारण तिला गाडी लागायची. मुलाचं घर समुद्रापासून पाच मिनिटांवर आहे असं कळलं तेव्हा तिनं बोटांवर मिनिटं मोजली. मग म्हणाली, "पाँच मिनट? इत्ते में तो बच्चा चलता-चलता चला जाता पानी में." आपाचं अजून लग्नही व्हायचं होतं. पण अम्मीच्या काळज्या नेहमी एक पिढी पुढं चालायच्या आणि आम्ही त्यांच्या मागं धापा टाकत.

मुलाचं नाव शौकत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनाचं काम शिकायला आला होता आणि मुकुंदवाडीला खोली घेऊन राहायचा. आमचे अब्बा रिक्षाचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शौकत एका रिक्षावाल्या दोस्ताबरोबर हूड शिवून घ्यायला आला. मग पुन्हा आला. एका रिक्षाला एका वर्षात तीन हूड कशाला लागतात, हे अब्बांच्या लक्षात यायला चौथा हूड कापायची वेळ यावी लागली. मग रीतसर त्याची आई आली, आपाच्या बोटात अंगठी गेली, आणि शौकत आपल्या गावी परतून खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या गल्लीच्या चढामुळं झालं. खाली रस्त्याला लागून काकडेमामांचं घर, तिथून गल्ली चढत-चढत वर, आणि अगदी टोकाला आम्ही. नगरपालिकेचं पाणी खालून यायचं. "नळ आले" अशी हाळी उठली की गल्लीतल्या प्रत्येक घरात नळाला मोटर लागायची आणि जो तो आपापल्या ताकदीनं पाइपातलं पाणी ओढायचा. काकडेमामांची मोटर सगळ्यांत दांडगी. ती सुरू झाली की त्यांच्या ओसरीवरचं कॅलेंडर हलायचं. वरच्या घरांच्या मोटरी त्यांच्या त्यांच्या लायकीप्रमाणं गुणगुणायच्या, आणि आमची, जी अब्बांनी एका हुडाच्या बदल्यात कुठूनशी आणली होती, ती खोकायची. पाणी कमी, हवाच जास्त. नळाच्या तोंडाशी हात धरला तर वारं लागायचं, उन्हाळ्यात तेही बरं वाटायचं.

म्हणून आपा खाली जायची. दोन घागरी, एक कमरेवर, एक डोक्यावर. काकडेमामींचं मन मोठं होतं आणि जीभ त्याहून मोठी. "ये गं रेहाना, भर," त्या म्हणायच्या, "आन् बापाला म्हणावं, ती मोटर इक आन् गाढव घे. निदान पाणी तर वाहील." आपा हसत हसत चढ चढायची. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती हेच करत होती. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि माझं दहावीचं वर्ष चालू होतं. खरं तर माझं दहावीचं वर्ष मी सातवीत असल्यापासून चालू होतं. कुणी घागर हातात देऊ लागलं की मी भूमितीचं पुस्तक उघडायचे. भूमिती मला शेवटपर्यंत आली नाही. माझी मराठी मात्र चांगली होती. उर्दू शाळा लांब होती, मराठी शाळा जवळ, आणि मला चालायचा कंटाळा. एवढ्याच एका कारणानं माझं सगळं आयुष्य मराठीत गेलं, हे लिहितेय तेही.

अब्बांना मात्र पाण्याची फिकीर नव्हती. त्यांना हवा होता उजेड. त्यांचं बालपण अजिंठ्याकडच्या एका खेड्यात, एका कंदिलाखाली सात भावंडांत गेलेलं. आजीनं त्या कंदिलाच्या उजेडात गोधड्या शिवून-शिवून डोळे घालवले. त्यामुळं शहरात घर झाल्यावर अब्बांनी बल्ब लावायचे ते लावलेच. मोरीत बल्ब, जिन्याखाली बल्ब, नळावर एक साठचा बल्ब, म्हणजे पाणी येत नाही हे स्वच्छ दिसावं. "मेरी बेटियाँ अंधेरे में नई रहने की," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. फ्रिज आला, मिक्सर आला, आणि त्या वर्षी कूलर आला. पत्र्याचा, भलामोठा, मागं वाळ्याच्या ताट्या. तो लावला की खोली गार व्हायची आणि आत बोललेलं काही ऐकू यायचं नाही. अम्मी-अब्बांच्या संसाराला त्यानं बराच हातभार लावला.

आणि मग कोकणात वादळ आलं. रेडिओनं सांगितलं, पण खरी बातमी आणली ताडपत्र्या शिवायला येणाऱ्या ट्रकवाल्यांनी. माड आडवे, कौलं उडाली, विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडलेत, महिनाभर तरी लाईट नाही. शौकतच्या गावाचं नाव निघालं तसं अब्बांचं मशीन थांबलं. संध्याकाळी ते अम्मीला म्हणाले, "जिस घर पे छत नई, बत्ती नई, उस घर में बेटी कैसे देना?" अम्मी म्हणाली, "जबान दी ना आपने." "जबान दी तब छत थी." आपा आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज बंद पडला. कूलर चालू असता तर तिला हे ऐकू आलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. पण कूलरमध्ये पाणी नव्हतं.

एवढ्यात निरोप आला, की शौकत आणि त्याची आई हलीमाबी स्वतःच येताहेत. अम्मीनं लगेच ठरवलं, लग्न मोडो की राहो, पाहुण्यांना आपलं घर दिसलं पाहिजे. फ्रिज पुसला. त्यात ठेवायला काही नव्हतं म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि मेंदीची वाटी ठेवली. मिक्सरवरचं कापड काढलं. आणि पाहुणे दारात येताहेत असं दिसताच, घरात उरलेलं सगळं पाणी, म्हणजे पिंपाच्या तळाचं आणि आपानं सकाळी आणलेल्या दोन घागरी, तिनं कूलरमध्ये ओतलं. आपा म्हणाली, "अम्मी, खाना कायसे पकाएँगे?" अम्मी म्हणाली, "पैले ठंडी हवा तो खाने दे उनकू."

हलीमाबी उंच, काळ्यासावळ्या, आणि चालणं असं की अंगण आपलंच. शौकतच्या खांद्यावर पडलेल्या माडांच्या नारळांचं पोतं, त्यांच्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी. त्या पिशवीच्या वासानं गल्लीतली मांजरं आमच्याकडं जी आली ती पुढं कित्येक दिवस गेली नाहीत. दारातच त्या थबकल्या आणि आमच्या छपराकडं बघू लागल्या. मंगनीला त्या रात्रीच आल्या-गेल्या होत्या, तेव्हा छप्पर दिसलं नव्हतं. आमचे पत्रे तेव्हा ठोकलेले नव्हते. वर दगड ठेवलेले असायचे, साऱ्या गल्लीतच तशी रीत होती.

"ते धोंडे कशाला गो ठेवलेत वर?" त्यांनी मला विचारलं.

"पत्रा उडू नये म्हणून."

"आणि वाऱ्यानं धोंड्यासकट नेलान तर खाली कोण बसतो?"

मी म्हणाले, खाली आम्हीच बसतो. त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं.

त्यांना आमची दखनी उर्दू कळायची नाही, अम्मीला त्यांची कोकणी मराठी कळायची नाही, आणि नवऱ्या मुलानं स्वतःच्याच लग्नाचं बोलायचं नाही, म्हणून मधे मी. एवढं महत्त्व मला आयुष्यात पुन्हा कुणी दिलं नाही. मी ओढणी सावरून दोघींच्या मधोमध बसले. कूलर घोंघावत होता. हलीमाबी इकडतिकडचं काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाय, तुझ्या आईवडलांस सांग. अंगठी घातली तेव्हा माझ्या घराला कौलं होती. आज नाहीत. लाईट नाही, ती कधी येईल ते अल्लाला ठाऊक. लोकांची लेक अंधारात नेणं माझ्या जिवाला बरं वाटत नाही. तुम्हांला शब्द सोडवून घ्यायचा असेल तर घ्या. मी रागावणार नाही. तोंडावर सांगावं म्हणून आले." शौकत जमिनीकडं बघत होता. दाराआड आपाची सावली होती.

मी हे सगळं भाषांतर केलं. शेवटी-शेवटी तर "अल्लाला ठाऊक" मी दोनदा सांगितलं. अब्बांना जे बोलायला जड जात होतं ते पाहुण्यांनीच बोलून टाकलं होतं. त्यांनी फक्त मान हलवायची होती. पण आमच्याकडं रीत अशी, की पाहुणा जेवल्याशिवाय त्याला हो किंवा नाही सांगायचं नाही. रिकाम्या पोटी नकार देणं म्हणजे शिवी. अब्बा म्हणाले, "पैले खाना." अम्मी उठली. मटणाचा खलिया शिजवायचा होता, नान भट्टीवरून यायचे होते. ती आत गेली आणि तिथं जाऊन तिला आठवलं, की सगळं पाणी कूलरमध्ये आहे.

त्याच वेळी बाहेर उजेड पिवळा झाला. आधी धूळ आली, मग धुळीमागून वारा, मग वाऱ्यामागून कुणाची तरी खाट. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळे अंगणात झोपायचे, खाटा बाहेरच. ती खाट चार पायांवर चालत यावी तशी चढ चढून आली. दिवे गेले, कूलर थांबला, आणि इतकी शांतता झाली की अम्मीचं "या अल्ला, खलिया" सगळ्यांना ऐकू आलं. मग डोक्यावर धडाधड दगड वाजायला लागले. पत्रे उठत होते.

"हिऽऽ बघत काय उभे राहिलात?" हलीमाबींनी कमरेला पदर खोचला. त्यांच्या अंगात जे आलं त्याला मी आजही आनंदच म्हणेन. इतका वेळ त्या परक्या घरात हात बांधून बसलेल्या, आता त्यांच्या ओळखीचा पाहुणा आला होता. त्यांनी सगळ्यांना भिंतीकडेला घेतलं, शौकतला वासा धरायला लावला, अब्बांना दोर मागितला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तू गप, बाय. दोर म्हटल्यावर दोर कळतो." दुकानात एका ट्रकची अर्धी शिवलेली ताडपत्री होती. वारा जरा पडताच शौकत वर चढला आणि अब्बा खालून ती ताडपत्री त्याला देऊ लागले. दोन पत्रे तोवर गेलेच होते. एक मागच्या लिंबावर अडकला. दुसरा सरळ उतारावरून काकडेमामांच्या ओसरीत गेला आणि कॅलेंडरासमोर उभा राहिला. पाऊस आला तो जेमतेम ताडपत्री भिजेपर्यंत. घागरी लावाव्यात एवढाही नाही.

शौकत छपरावर, अब्बा शिडीवर, आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत. "गाठ ऐसी नई मारते मियाँ, ये ट्रक नई है." "अब्बा, ये होडी की गाठ है, ये नई सुटती." त्यानं 'अब्बा' म्हटलं हे अब्बांच्या लक्षात आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं.

इकडं अम्मी कूलरमधून पाणी काढत होती. मगानं, गुपचूप, पाठीमागून. मी आणि आपा तिच्यासमोर चादर धरून उभ्या, म्हणजे पाहुण्यांना दिसू नये. तिनं ते पाणी मलमलच्या कपड्यातून गाळलं, उकळलं, त्यात खलिया टाकला. भट्टी वाऱ्यात विझली होती, नान येणार नव्हते, म्हणून भात टाकला. तोही त्याच पाण्यात. झाकण काढलं तेव्हा भाताला वाळ्याचा असा घमघमाट सुटला की लग्नाच्या अत्तरदाणीत जेवायला बसलोय असं वाटावं. अंधार पडायच्या आत दस्तरखान घातलं. हलीमाबींनी पहिला घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"भाताला वास कसला गो?"

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "ही आमच्याकडची खासियत आहे."

"आईला विचार, कसा करतात."

मी अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, "बोल, बडी मेहनत का काम है." एवढ्यात आपा फुटली. तिला हसू आवरेना, ठसका लागला, तिनं कूलरकडं बोट दाखवलं, आणि शौकतनं, जो कूलरला टेकूनच बसला होता, मागं वळून ताट्यांचा वास घेतला. मग हलीमाबींना समजलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ताट खाली ठेवावं लागलं. अम्मी आधी रागावली, मग लाजली, मग तीही. आज माझ्या जावा मला विचारतात की तुमच्या माहेरी इतकं मोठ्यानं का हसतात. मी काय सांगू त्यांना?

जेवण झालं. आता उत्तर द्यायची वेळ होती. अब्बांनी घसा साफ केला. हलीमाबी म्हणाल्या, "आत्ता नको, भाईजान. तोंडं दिसत नाहीत. अशी गोष्ट उजेडात बोलावी." मी भाषांतर केलं. अब्बांना उजेडाबद्दल कुणी असं बोललं तर ते लगेच ऐकत.

सकाळी कळलं की आमच्या भागातले दोन खांब आडवे झालेत आणि बाकी शहरात लाईट आहे. अब्बा दाढी करून, टोपी घालून बसले होते. मला समोर बसवलं. बोलायचं काय ते त्यांनी ठरवलेलं दिसत होतं, कारण ते कुणाकडं बघत नव्हते. "बोल इनकू," त्यांनी सुरुवात केली, "के आप लोगाँ भोत शरीफ हो..." ही सुरुवात ऐकून मी भाषांतर तिथंच थांबवलं. शरीफ म्हटलं की पुढं 'लेकिन' येतो. आपा नळाजवळून रिकाम्या घागरी घेऊन खाली निघाली होती. ती तिथंच थांबली.

आणि नळ बोलला. आधी खोकला, मग शिंकला, मग त्यातून मनगटाएवढी धार बाहेर पडली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. आम्ही सगळे बघतच राहिलो. त्या नळातून इतकं पाणी येतं हे नळालाही माहीत नसावं. सगळ्यांत आधी आपाच्या लक्षात आलं. गल्लीत लाईट नाही, म्हणजे एकाही घरात मोटर नाही, म्हणजे कुणीच कुणाचं पाणी ओढत नाही. पाणी आपलं आपण चालत वर आलं होतं.

पुढं जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते आणि तरी मी प्रत्येक लग्नात सांगते. आम्ही वेडे झालो. घागरी भरल्या, पिंप भरलं, देग भरली, फ्रिजचा भाजीचा ट्रे काढून भरला, मिक्सरचं भांडं भरलं. अम्मीनं गोधड्या आणून धारेखाली टाकल्या. अब्बा टोपीसकट भिजले आणि "लेकिन" तोंडातच राहिला. भाषांतराला बसलेली मी, हाताशी ठेवलेल्या भूमितीच्या पुस्तकासकट धारेखाली उभी. काकडेमामी चढ चढून धापा टाकत आल्या, सगळीकडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बया, हितं तर गंगा आली. आमच्या मोटरीनं इतकी वर्सं तुमचं लई पाणी पिलं म्हणायचं." मग खाली जाऊन, सासूबाईंसकट, धुणं घेऊन वर आल्या. त्या गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा खालचं घर पाण्याला वर आलं.

हलीमाबी ओसरीवर बसून हे बघत होत्या. समुद्राकाठच्या बाईला एका नळाच्या धारेवर माणसं अशी नाचताना बघून काय वाटलं असेल कोण जाणे. त्यांनी आपाला हाक मारली. आपा आली, नखशिखांत ओली. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. घागरीच्या काठानं तिथं घट्टे पडले होते.

"रोज आणतेस?"

मी भाषांतर करणार तोच आपानं मान हलवली. मग ती मला म्हणाली, "पूछ इनकू, इनके घर में पानी कहाँ से आता."

"मागच्या दारी विहीर हाय ना," हलीमाबी म्हणाल्या. "माड पडला होता तिच्यात, तो काढला शौकतनं. पाणी हातभर खाली."

"उन्हाळ्यात?" आपानं माझी वाट न बघता थेट विचारलं.

"उन्हाळ्यात दोन हात."

"मोटर?"

"मोटर हाय, पण लाईट नाय. रहाट हाय. ओढावं लागतं बाय, खोटं कशाला सांगू."

"नंबर लगता?"

"कुणाचा नंबर?" हलीमाबींना कळेना. "आपल्या विहिरीवर आपला कसला नंबर?"

आपानं हे ऐकलं आणि नळाच्या धारेकडं पाहिलं. तेवढ्यात खाली कुठंतरी वायरमनची शिट्टी वाजली. घरात पंखा गरकन् फिरला. आणि चढाच्या तळाशी काकडेमामांची मोटर सुरू झाली, मग तिच्यावरची, मग तिच्यावरची, एकेक आवाज आमच्या दिशेनं चढत आला. नळाची धार बारीक झाली. मनगटाची करंगळी झाली, करंगळीची दोरी, दोरीचा थेंब. मग नळानं एक मोठा श्वास आत ओढला आणि तो गप्प झाला. अंगणात आम्ही सगळे निथळत उभे. काकडेमामी अर्धवट साबण लावलेलं लुगडं धरून खाली वाकल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना बटन बंद करायला सांगून ये गं कुणीतरी." कुणी हललं नाही.

आपा अब्बांकडं वळली. वडिलांच्या समोर लग्नाचं बोलायची आमच्याकडं रीत नव्हती, आणि मोठ्यानं तर नव्हतीच. ती मोठ्यानं बोलली. "अब्बा, बत्ती में तो मैं भोत रह ली. अब पानी में रह के देखती."

अब्बांनी डोक्यावरची ओली टोपी काढली, पिळली, झटकली, पुन्हा घातली. आपाकडं बघितलं नाही, हलीमाबींकडंही नाही. शौकतला म्हणाले, "रहाट पे रस्सी कौन सी है?"

"सुताची, अब्बा. जुनी हाय जरा."

"वो निकाल डाल," अब्बा म्हणाले. "मैं दूसरी देता."